पिला हाऊस ते परळ : मुंबईच्या नाट्यगृहांचा बहुभाषिक इतिहास

मराठी रंगभूमीचा इतिहास आजवर मुख्यतः नाटककार, नाटक मंडळी आणि नट या तीन सूत्रांनी लिहिला गेला आहे. अप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचे ‘मराठी रंगभूमी’ (१९०३) असो वा श्री. ना. बनहट्टी यांचा ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’ (१९५७), त्यांत नाट्यगृहाचा उल्लेख येतो तो बहुधा पत्त्यासारखा. अमुक नाटकाचा पहिला प्रयोग अमुक थिएटरात झाला, एवढे सांगून इतिहासकार पुन्हा नाटकाकडे वळतो. धनजीभाई पटेल यांनी १९३१ साली गुजरातीत लिहिलेली पारशी नाटक तख्त्याची तवारीख, अब्दुल अलीम नामी यांचे उर्दूतील बहुखंडी ‘उर्दू थिएटर’ आणि सोमनाथ गुप्त यांचा पारशी थिएटरवरील हिंदी ग्रंथ (१९८१) यांची दृष्टीही याहून फारशी निराळी नाही. मात्र हे मराठी, गुजराती, उर्दू व हिंदी इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतले पत्ते पुष्कळदा एकच आहेत. प्रत्येक भाषेचा इतिहास मुंबईच्या त्याच इमारतीत प्रवेश करतो आणि त्या इमारतीत आपल्याखेरीज दुसरे कोणी नव्हतेच, अशा समजुतीने बाहेर पडतो.

पत्त्यांच्या या एकतेचा अर्थ लावणे हे तौलनिक साहित्याभ्यासाचे काम आहे. भाषांमधील देवाणघेवाण सामान्यतः अनुवाद, रूपांतर आणि प्रभाव या संज्ञांत मांडली जाते. मुंबईच्या रंगभूमीवर मात्र ती बऱ्याच अंशी भाडे, तारखा आणि एका छपराखाली पाळीपाळीने केलेले खेळ यांच्याद्वारे घडली. ग्रंथ ग्रंथाला भेटण्यापूर्वी मंडळी मंडळीला भेटत होती, आणि ती भेट घडवणारे स्थळ नाट्यगृह होते.

मुंबईतील पहिले नाट्यगृह इंग्रजांचे. १७७६ साली बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे सध्याच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, वर्गणीतून ते उभे राहिले. किल्ल्यातील गोरे अधिकारी आणि व्यापारी यांच्या हौशी प्रयोगांपुरती त्याची झेप होती. पुढे ते कर्जात बुडाले. १८३५ मध्ये त्याची विक्री झाली आणि जमशेटजी जीजीभाई यांनी ते विकत घेतले. यानंतर सुमारे दहा वर्षे शहरात नाट्यगृहच नव्हते. नवे नाट्यगृह व्हावे म्हणून सरकारकडे अर्ज झाला, त्यात एतद्देशीय धनिक पुढे होते. त्यांपैकी जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांनी ग्रँट रोडवरील आपली जमीन देऊ केली आणि १८४६ च्या फेब्रुवारीत तेथे नवे थिएटर उघडले. त्याला ग्रँट रोड थिएटर, शंकरशेट थिएटर, बादशाही थिएटर अशी नावे होती.

रॉबर्ट ग्रँट या गव्हर्नराच्या नावाचा हा रस्ता तेव्हा नवाच होता व किल्ल्यापासून बराच लांब होता. गोऱ्या प्रेक्षकांना रात्रीच्या वेळी इतके अंतर तोडून येणे रुचेना. नाट्यगृह बांधले गेले ते त्यांच्यासाठी, पण त्याच्या अवतीभवती वस्ती वाढत होती ती दुसऱ्यांचीच. इंग्रजी नाटकांना प्रेक्षक मिळेनासा झाला, खर्च भागेना, आणि मालकांना दुसरे भाडेकरू शोधणे भाग पडले. मुंबईची देशी रंगभूमी या मोठ्या नाट्यगृहात शिरली ती अशा व्यावहारिक अडचणीच्या वाटेने. तिच्या प्रवेशाला ‘प्रबोधना’चे फळ म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती सर्वस्वी चुकीची नव्हे, पण रिकाम्या खुर्च्यांचा वाटाही त्यात मोठा होता हे विसरता कामा नये.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले ते चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये हा आश्रयदाता गेला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ च्या आरंभी ते मुंबईस आले. सुरुवातीचे प्रयोग गिरगावात झाले, आणि ९ मार्च १८५३ रोजी त्यांनी ग्रँट रोड थिएटरात तिकिटे लावून ‘इंद्रजितवध’ केला. त्याची जाहिरात इंग्रजी वृत्तपत्रात आली होती. सांगलीचा खेळ संस्थानिकाच्या वाड्यातला होता आणि त्याचा प्रेक्षक निमंत्रित होता. ग्रँट रोडच्या प्रेक्षकाने पैसे मोजले होते. सूत्रधार, विदूषक, देव आणि राक्षस तेच होते, पदे म्हणण्याची रीतही तीच होती, पण त्या रात्री त्यांच्यासमोर बसलेला समुदाय निराळा होता आणि त्यात केवळ मराठी बोलणारेच होते असे नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच रंगमंचावर पारशी नाटक मंडळीने रुस्तम-सोहराबची शाहनाम्यातील कथा गुजरातीत सादर केली. मंडळीच्या पाठीराख्यांत दादाभाई नौरोजी होते आणि डॉ. भाऊ दाजी लाडही होते. भाव्यांच्या मुंबईतील प्रयोगांनाही भाऊ दाजींचा पाठिंबा होता. गुजराती रंगभूमीचा इतिहास या ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि मराठी व्यावसायिक रंगभूमीचा मार्चपासून. दोन्ही आरंभांत सात महिन्यांचे अंतर आहे, पण स्थळ आणि मालक एकच, हितचिंतकही काही अंशी तेच. याच सुमारास भाव्यांनी राजा गोपीचंदाच्या कथेवर हिंदुस्थानी भाषेत नाटक केले. मराठी इतिहासात त्याची नोंद भाव्यांच्या कर्तृत्वातील एक किरकोळ बाब म्हणून होते. उर्दू रंगभूमीच्या इतिहासात मात्र ती मुंबईतील उर्दू नाटकाच्या प्रारंभाशी निगडित आहे. एकाची तळटीप दुसऱ्याचे पहिले प्रकरण ठरावे, याचे याहून ठळक उदाहरण भारतीय साहित्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

पुढील वीस वर्षांत ग्रँट रोडचा चेहरा पालटला. १८६८ मध्ये कैखुशरू काबराजी यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया नाटक मंडळी स्थापन झाली आणि १८७० मध्ये तिने व्हिक्टोरिया थिएटर उभारले. पाठोपाठ त्या परिसरात एल्फिन्स्टन, रिपन आणि इतर थिएटरे आली. ‘प्ले हाऊस’ हे इंग्रजी नाव लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झाले आणि सगळ्या वस्तीलाच चिकटले. थिएटरे नामशेष झाली तरी हे नाव उरले. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाचा भूगोल तो हाच परिसर. मराठी कवितेने तो १९७० नंतर शोधून काढला असे मानले जाते. मराठी नाटकाने मात्र तेथे त्यापूर्वी शंभर वर्षे रात्री जागवल्या होत्या.

व्हिक्टोरिया मंडळीने १८७१ मध्ये एक पाऊल उचलले, ते तौलनिक अभ्यासकाला विशेष महत्त्वाचे वाटावे. एदलजी खोरी यांनी गुजरातीत लिहिलेले सोन्याच्या मोलाच्या खुर्शीदचे नाटक बेहरामजी फरदुनजी मर्झबान यांच्याकडून उर्दूत करवून घेऊन तिने रंगभूमीवर आणले. पारशी रंगभूमीवरील उर्दू नाटकांची परंपरा येथून सुरू झाली असे मानतात. गुजराती लिहिणारा पारशी, उर्दूत आणणाराही पारशी, आणि प्रेक्षकांत मराठी, गुजराती, कोकणी मुसलमान, बोहरी अशी सरमिसळ. यांपैकी कोणाचीही मातृभाषा नसलेली उर्दू येथे सर्वांची रंगभाषा झाली. कारण उघड होते. ग्रँट रोडवरील थिएटर एका भाषेच्या प्रेक्षकाने रोज भरत नव्हते. लगोलग अमानतची लखनवी ‘इंदरसभा’ मुंबईच्या रंगमंचावर आली आणि नंतर लेखकही उत्तरेतूनच आले. विनायकप्रसाद तालिब हे बनारसचे, अहसन लखनौचे, नारायणप्रसाद बेताब दिल्लीजवळच्या बुलंदशहर जिल्ह्यातले. आगा हश्रही बनारसचे. या मंडळींचा व्यवसाय मुंबईच्या इमारतींवर उभा होता आणि त्यांची नाटके मुंबईहून निघून दिल्ली, लाहोर, कलकत्ता, रंगून अशी फिरत होती. बेताबांचे ‘महाभारत’ १९१३ मध्ये दिल्लीत रंगभूमीवर आले, त्याच्या मागे मुंबईत तयार झालेले तंत्र होते. हिंदी नाटकाच्या इतिहासाला मुंबई ‘व्यावसायिक विकृतीचे केंद्र’ वाटत आली. या मतातील नैतिक आवेश बाजूला ठेवला तर एवढेच उरते की उत्तरेतील शहरांजवळ मुंबईसारखी थिएटरे नव्हती.

या काळात मराठी मंडळ्यांचे स्थान कोणते होते? अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाले. त्यामागे पारशी संगीत नाटकाची चेतावणी होती ही गोष्ट बहुतेक इतिहासकारांनी मान्य केली आहे. किर्लोस्कर मंडळी मुंबईस येत, महिनोन्‌महिने राहत, गल्ला जमवत आणि पुन्हा दौऱ्यावर निघत. त्यांचे बिऱ्हाड फिरते होते. पारशी मंडळ्यांनी मुंबईत थिएटरे बांधली, चालवली, विकली. कुंवरजी नाझर यांनी १८७९ मध्ये बोरीबंदरासमोर गेटी उभे केले, १८८७ मध्ये त्याच भागात नॉव्हेल्टी आले. मराठी मंडळ्या या थिएटरांच्या भाडेकरू राहिल्या. कलकत्त्याशी तुलना केली म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथे १८८३ च्या स्टार थिएटरपासून बंगाली नाटकाला कायमचा निवारा होता. नट, नाटककार आणि इमारत यांचे नाते इतके घट्ट होते की गिरीशचंद्र घोषांचे चरित्र लिहिताना थिएटरांची नावे टाळताच येत नाहीत. खाडिलकर किंवा देवल यांचे चरित्र मुंबईतील एकाही इमारतीचे नाव न घेता लिहिता येते.

या भाडेकरूपणाचा मराठी नाटकाच्या घडणीवर परिणाम झाला असावा, असे मानण्यास जागा आहे. स्वतःचे थिएटर असलेल्या पारशी मंडळ्यांनी रंगमंचाखालच्या दारांवर, आकाशातून उतरणाऱ्या पऱ्यांवर, क्षणात पालटणाऱ्या दृश्यांवर पैसा घातला. तो पैसा इमारतीत मुरला. मराठी मंडळीचे वैभव मात्र गाडीत भरून नेता येईल असेच राहिले. रंगवलेले पडदे, भरजरी शालू, गालिचे आणि सर्वांत हलके सामान म्हणजे गाणे. गंधर्व मंडळीच्या ऐश्वर्याच्या कथा सर्वश्रुत आहेत, पण त्या ऐश्वर्याची यादी केली तर त्यात खिळ्याने ठोकून बसवलेले असे फार थोडे आढळेल. संगीत नाटकाच्या गायकीप्राधान्याची मीमांसा करताना कीर्तन, लावणी आणि हिंदुस्थानी संगीत यांची नावे घेतली जातात, ती रास्तच आहेत. भाड्याच्या रंगमंचाचीही त्यांत भर घालावी लागेल.

खाडिलकरांचे ‘मानापमान’ हे या दृष्टीने पाहण्याजोगे उदाहरण. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने त्याचा पहिला प्रयोग मुंबईच्या रिपन थिएटरात केला. गोविंदराव टेंबे यांनी त्याच्या पदांना ठुमरी अंगाच्या, पूर्वेकडील ढंगाच्या चाली दिल्या. त्या अंगाची गाणी मुंबईतील प्रेक्षकाच्या कानाला नवीन नव्हती. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी याच नाटकाचा तो गाजलेला ‘संयुक्त’ प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले आणि त्या रात्रीला दंतकथेचे रूप आले. मराठीत या प्रयोगाविषयी विपुल लिहिले गेले. कोणी कोणते पद कसे घेतले, वन्समोअर किती झाले, चुरस कशी होती, सारे काही. प्रयोग ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात झाला हेही सगळे सांगतात, पण बालीवाला कोण हे क्वचितच कोणी सांगतो. खुर्शीदजी बालीवाला हे व्हिक्टोरिया मंडळीचे नट आणि चालक. उर्दू रंगभूमीवरील विनोदी भूमिकांसाठी ते प्रसिद्ध होते, मंडळी घेऊन ते ब्रह्मदेशात आणि लंडनपर्यंत गेले होते. मराठी संगीत नाटकाची सर्वांत स्मरणीय रात्र एका पारशी नटाच्या नावाच्या, उर्दू नाटकावर पोसलेल्या थिएटरात घडली, ही घटना दोन्ही भाषांच्या इतिहासांत एकमेकींना अनोळखी राहिली आहे.

संस्थानांतील चित्र वेगळे होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर बांधून पुरे केले. मधे एकही खांब नाही, कोठूनही बसले तरी रंगमंच दिसतो. दरबाराच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या वास्तूला केशवराव भोसले यांचे नाव पुढे १९५७ मध्ये मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ती आगीत होरपळली, तेव्हा सारे कोल्हापूर रस्त्यावर आले. मुंबईच्या बालीवालासाठी असे कोणी रडले नाही. भाड्याच्या घराविषयी एवढी माया बाळगण्याची रीत नसते.

रॉयल ऑपेरा हाऊसचे प्रकरण थोडे निराळे आहे. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते युरोपीय ऑपेरासाठी योजले, १९११ मध्ये बांधकाम सुरू असतानाच पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झाले आणि काम १९१२ मध्ये पुरे झाले. ग्रँट रोड थिएटराचीच गोष्ट येथे अधिक थाटात घडली. ऑपेराला प्रेक्षक पुरेना, म्हणून बालगंधर्व आले, दीनानाथ मंगेशकर आले, पुढे पृथ्वीराज कपूर यांची ‘दीवार’, ‘पठाण’ ही हिंदुस्थानी नाटके आली. मधल्या काळात चित्रपट आला आणि तोच टिकला. १९९३ मध्ये पडदा पडला, तो २०१६ च्या ऑक्टोबरात जीर्णोद्धारानंतर उघडला.

चित्रपटाने खरा घाव घातला तो १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला तेव्हा. मूकपट आणि नाटक काही वर्षे शेजारी नांदले होते. बोलपटाने गाणे आणि संवाद दोन्ही घेतले आणि थिएटरांच्या मालकांना कमी दगदगीचा भाडेकरू मिळाला. एकामागून एक थिएटरे टॉकीज झाली. रिपनचे आल्फ्रेड झाले, गेटीच्या जागी कॅपिटॉल आले, नॉव्हेल्टीच्या जागी एक्सेल्सियर तर आधीच उभे होते. मराठी नाटकाच्या ‘पडत्या काळा’ची कारणे सांगताना नाटककारांची प्रतिभा आटली, मंडळ्यांत दुही माजली, बालगंधर्वांचे वय झाले अशी मालिका दिली जाते. ‘आंधळ्यांची शाळा’ १ जुलै १९३३ रोजी मुंबईत झाले, म्हणजे प्रतिभा आटलेली नव्हती. पण त्या नाटकाला हवी ती खरी भिंत आणि खरे दार भाड्याने मिळणारा रंगमंच दुर्मिळ होत चालला होता. ललितकलादर्श १९३७ मध्ये थांबली. जिच्याजवळ घर नाही तिला पहिल्यांदा बाहेर काढले जाते, हा साधा हिशेब या काळाच्या विवेचनात पुरेसा मांडला गेलेला नाही.

गुजराती रंगभूमीने याच काळात वेगळा निभाव लावला. काळबादेवीवरील भांगवाडीत देशी नाटक समाजाला मुक्काम मिळाला आणि जुन्या पद्धतीची गुजराती नाटके तेथे स्वातंत्र्यानंतरही काही दशके चालू राहिली. प्रवेशद्वारावरील हत्तीमुळे ती वास्तू ओळखली जाई. तमाशाने आपला ठाव पिला हाऊस आणि लालबाग येथे धरला. लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणगावचा प्रेक्षक लावणीला दाद देत होता. नागर मराठी नाटकापुढे मात्र आपले असे छप्पर शोधण्याचा प्रश्न होता. मुंबई मराठी साहित्य संघाने (स्थापना १९३५) डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने १९४४ पासून नाट्यमहोत्सव सुरू केले. गिरगावातील केळेवाडीत संघाची रंगभूमी प्रथम उघड्या आभाळाखाली होती. साहित्य संघ मंदिर १९६४ मध्ये उभे राहिले, दादरचे शिवाजी मंदिर ३ मे १९६५ रोजी सुरू झाले. भाव्यांच्या पहिल्या तिकिटाच्या खेळापासून येथवर शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. या नव्या घरांत बहुतेक रात्री एकच भाषा ऐकू येत होती. मराठी नाटक घरमालक झाले, आणि भाडेकरूंच्या शेजाराने लाभलेली बहुभाषिकता त्या व्यवहारात मागे पडली. १९६० नंतर भाषावार राज्याच्या राजधानीत तसे होणे स्वाभाविकही होते.

परळचा दामोदर हॉल या सर्व वर्गवारीत बसत नाही. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये तो बांधला. नाव गुजराती गिरणीमालक दामोदर ठाकरसी मुळजी यांचे, प्रेक्षक आणि नट मात्र गिरणी कामगार. कोकणातून आलेल्या या कामगारांनी येथे नमन आणले, शक्ती-तुरा आणला, दशावतार आणला आणि हौशी सामाजिक नाटकेही केली. ग्रंथांतील मराठी रंगभूमीचा इतिहास या वास्तूवरून घाईने पुढे जातो, कारण तेथील बहुतेक संहिता छापल्या गेल्या नाहीत. येथेही अनेक भाषा होत्या, फक्त त्यांना बोली म्हणत. मालवणी आणि संगमेश्वरी यांच्या शेजारी घाटावरचा कामगार आपली मराठी बोलत होता.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि प्रेक्षक पांगला, तरी सभागृह चालू होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी ते बंद करण्यात आले. त्या वास्तूत दीर्घकाळ वावरलेल्या सहकारी मनोरंजन मंडळाने आणि रंगकर्मींनी त्याला हरकत घेतली. हरकतीचा मुद्दा जुन्या भिंतींपेक्षा नव्या इमारतीतील जागेचा होता. रंगमंच केवढा असेल, आसने किती असतील, आणि मधल्या काळात प्रयोग कोठे करायचे?